हातांवर बसून पीसी बनवायला लावणारे सर

अरे थांबा, हातातलं काम बाजूला ठेवा, मला हे आत्ताच्या आत्ता सांगायचंय, नाहीतर माझं पोट फुटेल. आज लंचमध्ये ऑफिसातला एक भिया मला म्हणतो, "कन्सोलच्या किमतीत गेमिंग पीसी? हो ही नहीं सकता. कोण बनवून देणार तुला?" बनवून देणार! मला इतकं हसू आलं की कचोरीचा ठसका लागला, पाणी प्यावं लागलं, लोक बघायला लागले. कारण मी अशा एका माणसाला ओळखते ज्यांनी कन्सोलच्या किमतीतला पीसी कधीच कोणाला बनवून दिला नाही. मुद्दाम नाही दिला. आणि तरी आमच्या इंदूरच्या परदेशीपुऱ्यात आणि छत्रीबागेत मिळून असे किती पीसी चालू आहेत, सगळे त्यांच्यामुळे!

आता तुम्ही म्हणाल हे काय कोडं. कोडं नाही. माणूसच तसा आहे.

आमच्या डिप्लोमा कॉलेजात ते लॅब असिस्टंट होते. कागदावर असिस्टंट, पण आम्ही त्यांना सरच म्हणायचो, कारण जे खरे सर होते ते लॅबमध्ये फक्त हजेरी घ्यायला यायचे. मूळचे महूच्या छावणीतले. आजोबा फौजेत. पांढरा हाफ शर्ट, दोन खिसे. उजव्या खिशात स्क्रू, डाव्या खिशात बडीशेप. एकदा बोलण्याच्या नादात त्यांनी आमच्या प्रिन्सिपलच्या हातावर बडीशेप समजून चार स्क्रू ठेवले आणि प्रिन्सिपलने ते तोंडापर्यंत नेले पण. खरं सांगते, मी तिथे होते.

वीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. परीक्षेला बाहेरचे मास्तर यायच्या आधी प्रत्येक टेबलावर सर्किट स्वतः जोडून ठेवायचं. पोरं यायची, बटण दाबायची, दिवा लागायचा, मार्क मिळायचे. सगळे खूश. कॉलेजचा रिझल्ट एक नंबर. मग एक दिवस एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. आता मोठ्या पोस्टवर, गाडी-बंगला सगळं. म्हणाला, "सर, घराची डोअरबेल वाजत नाहीये. तुम्ही येऊन बघाल का?"

सर गेले. तार निघाली होती. एक तार! ती लावली आणि परत आले. आणि म्हणे त्या दिवशी ते रात्री जेवलेच नाहीत. "इंजिनियर आहे तो," मला सांगायचे, "माझ्या हातून पास झालेला. माझ्याच हातून! हेच दोन हात दोषी आहेत."

तर रिटायर झाल्यावर त्यांनी काय केलं, त्या दोषी हातांवर बसायला सुरुवात केली.

अक्षरशः बसायला. परदेशीपुऱ्यात त्यांची एक खोली होती, बंद पडलेल्या ऑफिसांमधून उचललेले जुने कॅबिनेट छतापर्यंत रचलेले. तिथे कोणी पण जायचं, "सर, पीसी बनवायचाय", तर सर एका स्टुलावर बसायचे, दोन्ही तळहात मांडीखाली घालायचे आणि म्हणायचे, "बनव."

बस्स. पुढे तुम्ही जाणा आणि मदरबोर्ड जाणे.

तुम्ही चुकीचा स्क्रू घेतला की त्यांचा डावा पाय हलायला लागायचा. मेमरी उलटी लावायला गेलात की तोंडातून "च्‌च्‌च्‌" यायचं आणि ते तोंड भिंतीकडे फिरवायचे. फारच वाईट काही करायला लागलात तर उठून बाल्कनीत जायचे, पण हात तिथे पण पाठीमागे बांधलेले! एकदा एका मुलाने प्रोसेसर जवळजवळ हातोडीनेच बसवायला घेतला, तेव्हा सर इतके कळवळले की स्टूलच उलटलं. खाली पडले. पडल्यावर पण पहिलं वाक्य, "मी हात लावला नाहीये हां!"

मी त्यांच्याकडे का गेले, ते सांगते. माझ्या बाबांनी प्रॉमिस केलं होतं की डिप्लोमा फर्स्ट क्लासमध्ये झाला तर कन्सोल, तो टीव्हीला जोडून गेम खेळायचा तयार डबा. माझा आतेभाऊ, आमचा दादा, त्याच्याकडे नवाकोरा होता आणि तो येता-जाता मला जळवायचा. फर्स्ट क्लास आला. आणि मी म्हटलं, "बाबा, कन्सोल नको. तेवढेच पैसे द्या, मी पीसी बनवते."

बाबा सरकारी नोकरीत आहेत, ते कोणतीही गोष्ट तीन वेळा विचारतात. "बनवते म्हणजे? कोण बनवतंय? तू?"

"मी."

"आणि नाही चालला तर?"

"चालेल ना बाबा."

मग बाबांनी त्यांची अट सांगितली. दादा कन्सोल घेऊन आपल्या घरी येणार. एकच टीव्ही, एकच गेम, दोन्हीवर. बाबा स्वतः खेळून बघणार. माझी मशीन अडकली, मागे पडली, तर ती विकायची, आणि हे हार्डवेअर-बिर्डवेअरचं भूत उतरवून सरळ बँकेच्या परीक्षेच्या कोचिंगला बसायचं. फॉर्म त्यांनी आणून पण ठेवला होता. आणि मला हार्डवेअरचंच काम करायचं होतं यार! मला दुसरं काही करायचंच नव्हतं. मतलब हा फक्त गेमचा मामला राहिलाच नव्हता. माझं सगळं त्या डब्यात जाणार होतं.

मी धावत सरांकडे. सगळं सांगितलं. सर हातांवर बसलेले. म्हणाले, "पोहे खाल्लेस?"

"सर, मी माझं फ्युचर सांगतेय तुम्हाला!"

"भुकेला हात स्क्रू जास्त आवळतो. जा, खाऊन ये."

असे ते.

खाऊन आले तर पहिला प्रश्न, "गेम कोणता? एकच सांग."

मी सात सांगितले. त्यांनी कान बंद केले असते, पण हात मांडीखाली होते म्हणून डोळे बंद केले. "एक. सात गेमचा पीसी श्रीमंत लोक बनवतात. आपण एका गेमचा बनवतो, मग बाकीचे सहा त्यावर आपोआप चालतात." मी म्हटलं, गाड्यांची रेस. तर म्हणाले, ठीक.

गेमिंग या शब्दाशी त्यांचं वैर होतं. "खुर्चीवर गेमिंग लिहा, भाव वाढला. उंदरावर गेमिंग लिहा, भाव वाढला. उद्या पोह्यांवर लिहितील आणि तुम्ही लोक दुप्पट देऊन खाल." रंगीत दिवेवाले पंखे मागितले तर म्हणायचे, "दिवे पाहिजेत? बारात में जाओ." काचेचा कॅबिनेट नको, दिवे नकोत, नाव नको. जुन्या ऑफिसचा पत्र्याचा कॅबिनेट, वरून जाळीवाला, तो मला त्यांनी फुकट दिला. त्याच्यावर कुठल्या तरी अकाउंट सेक्शनचं अर्धं स्टिकर होतं. जे पैसे वाचले ते सगळे आतल्या पार्टांवर. आणि कन्सोलला ते कन्सोल कधीच म्हणायचे नाहीत. टिफिन म्हणायचे. "दुसऱ्याने भरलेला टिफिन आहे. चांगला भरलाय, मी नाही म्हणत नाही. पण मीठ कमी पडलं तर तू काय करशील?"

पॉवर सप्लायचा किस्सा तर ऐकाच. पॉवर सप्लाय म्हणजे तो जड डबा जो भिंतीतली वीज घेऊन आतल्या सगळ्यांना वाटतो. सरांचं म्हणणं, बाकी सगळ्यात कंजूसी करा, यात नाही. आणि चांगला कसा ओळखायचा? वजनाने. स्वस्तातले लोक आत तांबं कमी घालतात. दुकानात दोन होते, सारख्याच किमतीचे, सारखेच दिसणारे. दुकानदार म्हणाला, "दोनों एक जैसे हैं मैडम." सर मला म्हणाले, "दोन्ही घे आणि चल." दुकानदाराचा मुलगा मागे मागे, की हे चोरून नेतायत की काय. सर सरळ बाजूच्या नमकीनवाल्याकडे.

"भिया, जरा तोल दो."

नमकीनवाला लौंगची शेव तोलत होता. त्याने त्या काळ्या डब्यांकडे बघितलं, मग सरांकडे. "सर, ये कौन सा नमकीन है?"

"इसमें से करंट निकलता है. तोलो."

इंदूरचा नमकीनवाला! त्याने एक प्रश्न जास्त विचारला नाही. काट्यावर कागद टाकला, एक ठेवला, दुसरा ठेवला. "पहलेवाला पाव भर ज्यादा है सर. पैक कर दूँ?" लाइनीतली एक काकू मला म्हणाली, "बेटा, मला पण जास्तवालाच घेऊन दे." तिला वाटलं काही स्कीम आहे.

मी जड वाला घेतला. शेव पण घेतली, कारण सर म्हणाले काटा वापरला तर काही तरी घ्यायला पाहिजे.

पण खरी मजा देपालपुरात, इंदूरहून बसने जायचं गाव. गेमचं चित्र काढणारा जो पार्ट असतो, ग्राफिक्स कार्ड, तो सगळ्यात महाग. नवा घेतला असता तर कन्सोलच्या किमतीत बाकी कॅबिनेटचा पत्राच आला असता. म्हणून वापरलेला घ्यायचा. देपालपुरात एका धान्य व्यापाऱ्याचा मुलगा विकत होता, कारण त्याचं लग्न ठरलं होतं आणि होणारी बायको म्हणाली होती, एक तर मी नाही तर ते.

सर म्हणाले, कार्ड आपल्या मशीनमध्ये लावून बघायचं, दुसऱ्याच्या नाही. म्हणून आम्ही माझा आख्खा पीसी चादरीत गुंडाळून बसने घेऊन गेलो. माझ्या मांडीवर. कंडक्टर आला, चादरीकडे बघितलं. "काकाजी, ये क्या है?"

सर अगदी सीरियस. "मरीज है. देपालपुर में दिल लगवाने जा रहे हैं."

"टिकट?"

"मरीज का आधा लगता है?"

कंडक्टर इतका हसला की टिकिट राहिलंच. पुढच्या स्टॉपपासून बसमधल्या सगळ्यांना माहीत, पेशंट आहे. एका म्हाताऱ्या काकांनी तर उठून मला खिडकीची सीट दिली, की हवा लागू द्या.

मुलाचं घर धान्याच्या गोदामाच्या मागे. त्याने कार्ड आणलं आणि त्यावर इतका भुसा होता की पेरणी करता आली असती. मी हबकले. सरांनी हात पाठीमागे बांधले, वाकले आणि कार्डाला नाक लावलं. खूप वेळ वास घेतला, जसं कोणी खरबूज बघतं. मग मला म्हणाले, "तू घे वास."

मी घेतला. "गहू."

"जळकं काही?"

"नाही सर."

"मग साफ कर, लाव, आणि याला एक तास खेळू दे. आपण जेवतो."

त्या मुलाच्या आईने दाल-बाफले केले होते, म्हणजे डाळ आणि तुपात बुडवलेले कणकेचे गोळे. आम्ही जेवत होतो आणि तो माझ्या मशीनवर त्याच्या आयुष्यातला शेवटचा गेम खेळत होता. त्याची आई मला वाढता वाढता म्हणते, "ले जा बेटी, जल्दी ले जा, ये तो इसी से फेरे ले लेता." तास झाला, कार्ड तापलं पण अडकलं नाही. भाव मी केला, सरांनी तोंड उघडलं नाही, फक्त मी जास्त बोलले की त्यांचा पाय हलायचा. निघताना त्या मुलाने कार्डावरून हात फिरवला आणि म्हणाला, "दीदी, इसको गरमी जल्दी लगती है. ध्यान रखना." मी म्हटलं ठेवीन, आणि बसमध्ये मला उगाच रडायला आलं. लग्नाला त्याने आम्हाला बोलावलं होतं. आम्ही गेलो पण होतो!

अरे, जोडणी तर मागेच राहिली, ती देपालपूरच्या आधीची, तेव्हा कार्ड सोडून बाकी सगळं होतं. सरांकडे जोडणीच्या आधी सगळे पार्ट जमिनीवर पेपर टाकून एका ओळीत लावायचे. आजोबांकडून आलेलं, फौजेत किट तपासतात तसं. आणि प्रत्येकाला हात लावायच्या आधी मोठ्याने बोलायचं, हा कोण, काय करतो, हा बंद पडला तर काय होईल. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. "काय करतो ते पुस्तकात आहे. बंद पडल्यावर काय होतं ते बोल." मी चार वेळा चुकले, चार वेळा सगळं परत पेपरवर. पाचव्या वेळी बटण दाबलं आणि पंखे फिरले, स्क्रीनवर अक्षरं आली, आणि मी त्या खोलीत अशी नाचले की खालचा टेलर वर आला बघायला.

सर स्टुलावर, हात मांडीखाली. म्हणाले, "आवाज पाठ कर. प्रत्येक मशीनचा वेगळा असतो."

मला तेव्हा वाटलं, म्हातारा माणूस आहे, बोलतो काही पण.

आला रविवार. आमचा हॉल. टीव्हीसमोर बाबा, नवा बनियन घालून, जज असल्यासारखे. दादा त्याचा कन्सोल घेऊन, पांढराशुभ्र, कापडात गुंडाळलेला. माझ्या पत्र्याच्या डब्याकडे बघून म्हणाला, "हे काय, बँकेतून उचललं? बरंय, तिकडेच जायचंय तुला." मी सरांना बोलावलं होतं. ते आले, सोफ्यावर बसले, तळहातांवर. आईला वाटलं त्यांना थंडी वाजतेय, तिने पंखा बंद केला.

मी मशीन चालू केली. मस्त घूं आवाज. आणि आई म्हणाली, "थांबा! नवीन वस्तू आहे, अशीच कशी सुरू करता?" ती ताट घेऊन आली. पत्र्यावर कुंकवाचं स्वस्तिक, हळद, फूल, ओवाळलं, आणि वरून मूठभर अक्षता. दादाने हात जोडले, मी जोडले, बाबांनी बनियन सरळ केला.

आधी दादाचा टिफिन. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा कंट्रोलर धरला, गाडी तीन वेळा भिंतीत घातली, पण चित्र एकदम मक्खन. मग माझा नंबर. गाडी सुटली. रस्ता, झाडं, ऊन, सगळं तसंच! दादाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. एक मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली.

आणि मग गाडीला झटका बसला.

मला वाटलं बाबांनी काही तरी दाबलं. परत झटका. मग गाडी चालायची कमी आणि थांबायची जास्त. दादा सोफ्यावर लोळायला लागला. "मामा, ही तर नगर सेवेच्या बसमध्ये बसल्यासारखी चालतेय! उतरून धक्का द्या!"

बाबांनी कंट्रोलर खाली ठेवला. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. फक्त म्हणाले, "बेटा, तू मेहनत केलीस. पण."

त्या "पण"चा अर्थ कोचिंग. मी सरांकडे बघितलं. "सर, बघा ना काय झालं. प्लीज. एकदा."

सरांचा पाय इतका हलत होता की सोफ्याचा आवाज येत होता. कपाळावर घाम. पण हात निघाले नाहीत. "मी बघितलं तर मग ती कोणाची होईल?" बस, एवढंच म्हणाले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागले.

मला राग आला. सही में, इतका राग मला आजपर्यंत कोणाचा आला नव्हता. मी खसकन प्लग ओढला, मशीन आडवी केली, बाजूचा पत्रा काढला. आणि रडक्या आवाजात, सगळ्यांच्या समोर, एकेक पार्टावर बोट ठेवून बोलायला लागले. हा पॉवर सप्लाय, हा बंद पडला तर मशीन चालूच होणार नाही, झालीय, म्हणजे हा नाही. ही मेमरी, ही सुटली तर स्क्रीन काळी, काळी नाही, ही नाही. हे कार्ड, पंखा फिरवून बघितला, फिरतोय. हा प्रोसेसरचा पंखा, हा बंद पडला तर प्रोसेसर तापेल आणि जळू नये म्हणून हळू हळू...

मी थांबले. बोटाने तो पंखा फिरवला. फिरला नाही.

पंख्याच्या पात्यात आणि कडेत, गुलाबी, कुंकवात भिजलेला, एक तांदळाचा दाणा.

"अगं बाई!" आईने तोंडावर हात ठेवला. "माझ्यामुळे?"

मी टूथपिकने दाणा काढला. पंखा भिरभिर फिरला. आणि कॅबिनेटच्या तळातून अजून सात-आठ निघाले, ते सगळे बाबांनी ओंजळीत घेतले, ते कुठे टाकावेत हे त्यांना कळेना. पत्रा लावला, प्लग लावला, बटण. बाबा परत बसले. गाडी सुटली. एक मिनिट, दोन मिनिटं, पाच, दहा. मक्खन. डिट्टो मक्खन. दादा टीव्हीच्या इतका जवळ गेला की आईने त्याला मागे ओढला.

"काय मामा, कोणतं चांगलं?"

बाबांनी चष्मा काढला, पुसला, लावला. "मला तर दोन्ही सारखेच दिसतात रे."

"मग टाय! माझं तर एकदा पण नाही अडकलं!"

"नाही अडकलं," बाबा म्हणाले. "अडकलं असतं तर तू काय केलं असतंस?"

"मी? मी कशाला? सर्व्हिस सेंटरला दिलं असतं. वॉरंटीत आहे."

बाबा माझ्याकडे बघायला लागले. मग त्या पत्र्याकडे. मग हातातल्या दाण्यांकडे. आणि आईला म्हणाले, "तो कोचिंगचा फॉर्म कुठे ठेवलाय? नको शोधूस. राहू दे."

मी किंचाळले! शेजारच्या काकू धावत आल्या, त्यांना वाटलं साप निघाला.

सरांना सोडायला मी खाली गेले. ते स्कूटरला किक मारत होते तेव्हा मला म्हणतात, "आईंनी अक्षता टाकल्या ना, तेव्हाच टिक् झालं होतं. मग एक आवाज कमी झाला."

मी रस्त्यातच ओरडले. "तुम्हाला माहीत होतं? तेव्हापासून? आणि तुम्ही बोलले नाहीत? सर, माझं वाटोळं होत होतं!"

"हो."

"सांगायचं ना मग!"

"वीस वर्षं तेच केलं," सर म्हणाले. डाव्या खिशातून माझ्या हातावर बडीशेप ठेवली, मी नीट बघून मगच खाल्ली, आणि ते गेले.

आता ते नागपूरला मुलीकडे असतात. मी हार्डवेअरमध्येच आहे, आख्ख्या ऑफिसची मशीन माझ्याकडे. फोन केला की विचारतात, पोहे खाल्ले का. मागे त्यांना मेमरीचे वाढलेले भाव सांगितले, तर म्हणाले, "मेमरीवर पण गेमिंग लिहिलं का?"

पण त्या दिवसाचं राहिलंच ना! सरांना सोडून मी नाचत वर आले, की चला, आता शांतपणे माझ्या हाताने बनवलेल्या मशीनवर माझी पहिली रेस. आणि बघते तर बाबा जागचे हललेले नाहीत. दादाचा कन्सोल कापडात, दादा बाजूला बसून बाबांना सांगतोय, "मामा ब्रेक, ब्रेक!" आई वरच्या जाळीवर ताटली झाकून पहारा देतेय. मी म्हटलं, "बाबा, माझा नंबर." बाबा मान न वळवता, "हां बेटा, ही एक झाली की."

ती एक अजून झालेली नाही. बाबांनी आतापर्यंत सगळ्या गाड्या अनलॉक केल्यात, त्यांच्या ऑफिसातले दोन जण रविवारी येतात, आणि मी स्वतःसाठी दुसरी मशीन बनवतेय, कारण पहिली मिळायची काही आशा नाही. तुमच्याकडे पण असं झालंय का, की बनवलं तुम्ही आणि बसलं घरातलं दुसरंच कोणी? सांगा ना, प्लीज सांगा, मी एकटीच तर नसेन!